गौरम्माचं हूं

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या हदगावात म्हणतात, वर्षाराणीला राग यायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते. पण त्या दिवशी मला राग आला तो माझा स्वतःचाच, आणि हा प्रकार फार वाईट. भांडायला समोर कोणी नसतं.

माझा पीएच.डी.चा प्रबंध तयार होता. पंधरा दिवसांत जमा करायचा होता. विषय भाषेचा. उदगीरच्या बाजूला अशी घरं आहेत की तिथं मराठी आणि कन्नड एकाच ताटात जेवतात. अशा घरांतल्या बायका गप्पा मारत असताना ऐकणारी मधूनमधून 'हूं' म्हणते. त्या हूंचा मी साडेतीन वर्षं अभ्यास केला. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या घरी सगळ्यांचं हसून झालंय. मामा अजून फोन करून विचारतो, "काय गं, हूं झालं का लिहून?"

पण त्या हूंवरच माझं चौथं प्रकरण उभं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की या घरांत हूं म्हणजे होय नव्हे. दहांतली नऊ हूं 'ऐकतेय, पुढं सांग' एवढ्यापुरतीच असतात. तो हुंकार असतो, होकार नसतो. होकाराचं हूं वेगळं. ते जरा लांबतं आणि त्याच्या मागून एखादा शब्द येतोच. 'हूं, दे.' 'हूं, जा.' नुसतंच आखूड हूं आलं आणि पुढं काही आलं नाही, तर ते होय समजू नये. असं मी ठासून लिहिलं होतं, तक्त्यांसकट.

मग विद्यापीठाच्या समितीचं पत्र आलं. ज्यांच्या ज्यांच्या गप्पा रेकॉर्ड केल्या, त्या प्रत्येकीची संमती जोडा. लेखी नसेल तर तोंडी संमतीचं रेकॉर्डिंग चालेल. मला काही वाटलं नाही. बावीस बायकांपैकी एकवीसजणींच्या सह्या माझ्या फायलीत होत्या. राहिली फक्त उदगीरची गौरम्मा. तिच्या घरी मी गेल्या मार्चमध्ये आठ दिवस राहिले होते. कागद वाचून दाखवला तेव्हा तिचे दोन्ही हात शेवयांच्या पिठात होते, म्हणून सही नंतर घेऊ म्हटलं, आणि ती नंतर राहूनच गेली. पण रेकॉर्डर चालू होता, म्हणजे तोंडी संमती होतीच.

नांदेडच्या खोलीवर बसून मी तो तुकडा लावला. माझाच आवाज, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसा. "सदर संभाषणाचे ध्वनिमुद्रण शैक्षणिक प्रयोजनार्थ वापरण्यास आपली हरकत नाही..." "हूं," गौरम्मा म्हणते. "आपण कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकता..." "हूं." असं चार वेळा. चारही आखूड. आणि शेवटच्या हूंनंतर ती जावेला सांगते, "नागम्मा, त्यो पाट सरकव गं इकडं."

मी हेडफोन काढून ठेवले. माझ्याच तक्त्याप्रमाणे चारही हूं पहिल्या प्रकारची होती. ऐकतेय, पुढं वाच. सगळ्या जगाला हूं म्हणजे होय नव्हे असं शिकवायला निघालेली मी, आणि एका बाईचे अडीच तासांचे बोल चार हूंवर उचलून आणले होते. बरं, तो अडीच तासांचा भागच माझ्या प्रकरणाचा कणा होता.

मी शेषेराव सरांकडे गेले. सर माझे मार्गदर्शक. माणूस भला आहे, फक्त त्यांना कुठलीही गोष्ट तळटिपेत मावते असं वाटतं. त्यांनी तुकडा ऐकला आणि म्हणाले, "यात घाबरण्यासारखं काय आहे? बाईंची घरची भाषा कन्नड. कन्नडात हूं म्हणजे होच. तेवढी तळटीप टाका."

"सर, मग चौथं प्रकरण खोटं ठरतं."

"ते कसं काय?"

"प्रकरणात लिहायचं, हूं म्हणजे होय नव्हे. आणि परिशिष्टात लिहायचं, गौरम्मा हूं म्हणाल्या म्हणजे होय म्हणाल्या. आपल्या सोयीनं?"

सरांनी चष्मा पुसला. "वर्षाराणी, पंधरा दिवस राहिलेत. त्या बाईंनी आता नाही म्हटलं तर?"

"तर नाही." हे मी तोंडानं तरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखेडमार्गे उदगीरची एसटी धरली. चार तासांत मी मनातल्या मनात गौरम्माशी दहा वेळा बोलून घेतलं, आणि दहाही वेळा ती हो म्हणाली. मनातली माणसं फार सोयीची असतात.

गौरम्मा मोंढ्याच्या मागच्या गल्लीत राहते. वय चौऱ्याहत्तर, अंगानं बारीक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि आवाज असा की तिनं दारातून भाजीवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला गाडा थांबतो. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणते, म्हणजे आई. मीही म्हणते. पहिल्या दिवशी मी अहोजाहो करत होते, तर तिनं दम दिला होता, "अव्वाला तुम्ही म्हनलीस तर शेवया मिळायच्या न्हाईत."

मी गेले तेव्हा ती आणि तिची जाऊ नागम्मा ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून आणि चूल वेगळी, त्यामुळे प्रेम टिकून होतं. पाणी पिऊन होताच मी मुद्द्यावर आले. तो तुकडा लावला. अव्वा कान देऊन ऐकत राहिली आणि संपल्यावर खळखळून हसली.

"आगं, ह्यो तर हुंकारा हाय! तू एवढं घडाघडा वाचलालतीस, कुनीतरी हूं म्हनायला पाहिजे का न्हाई? न्हाईतर वाचनाऱ्याला वाटतंय, भिंतीला सांगलालाव."

"आमचे सर म्हणून राहिले, कन्नडात हूं म्हणजे हो."

"कन्नडात मला हो म्हनायचं असलं तर मी चांगलं हौदु म्हनते. आन् तू वाचलालतीस कन्नडात व्हय? ती तर मराठी बी नव्हती. सदर काय, प्रयोजन काय!" मग तिनं नागम्माकडे बघून डोळा मिचकावला. "ह्यांच्या हदगावला हो म्हनायला हाव म्हनतात बघ. हावरी मानसं. दिसंल तिथं हो दिसतंय त्यांना."

नागम्मा तूर सांडेपर्यंत हसली. मला झोंबलं, पण खोटं काय बोलली होती ती?

म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि माझ्या हदगावच्या बोलीत नीट सांगितलं. तू आणि नागम्मा जे बोललात, ते मी लिहून काढलंय. ते पुस्तकात जाईल. विद्यापीठातले लोक वाचतील, रेकॉर्डिंग ऐकतीलसुद्धा. तुझं नाव येणार नाही, 'स्त्री क्रमांक सात' असं येईल. नको असलं तर नको म्हण, मी काढून टाकते.

नागम्मानं तर मार्चमध्येच सही दिलेली होती. ती लगेच म्हणाली, "माझं घाल बाई. फोटू बी घाल, पर पैठनीवरचा घाल."

अव्वा मात्र हसायची थांबली होती. "आधी मला सगळं ऐकू दे," ती म्हणाली. "मी काय काय बोलले ते मलाच ठाऊक न्हाई, तर देऊ कसं?"

अडीच तास. तिघी ओट्यावर बसून ऐकत होतो. शेवया, गुडघेदुखी, कुणाच्या सुनेनं पाच हजाराचा मिक्सर कसा जाळला, नागम्माच्या नवऱ्याचं घोरणं. नागम्मा स्वतःच्याच विनोदांवर पुन्हा हसत होती. अव्वाही मजेत होती. मग दीड तासाच्या पुढं तो भाग आला आणि तिचा सुपातला हात थांबला.

रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज खाली आला होता. "वडील गेल्यावर अण्णानं मला त्या कचेरीत नेलं. सगळं समजावून सांगितलं, जमीन, वाटा, बहिनींनी सोडायची रीत. मी आपलं हूं हूं करलालते. मग त्यो लिहिनारा म्हनला, राजीखुशीनं हक्क सोडता ना? मी हूं म्हनले. पुढं सांगा म्हनून म्हनले गं नागम्मा, पुढं सांगा म्हनून! मला इचारायचं होतं, न्हाई सोडलं तर काय व्हतंय. तर त्यानं कागदच फिरवला सहीला."

आणि नागम्मा मध्येमध्ये हूं, हूं म्हणत होती. चौतीस वेळा. मला आकडा पाठ होता. तो तुकडा मी साठ वेळा तरी ऐकला असेन, एकेक हूं मोजलं, त्याची लांबी मोजली, चढउतार मोजला. आणि या बाईला काय झालं होतं, ते एकदाही कानात शिरू दिलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"बंद कर," अव्वा म्हणाली. मी बंद केलं.

"बाकी सगळं घे. एवढं न्हाई देनार."

नेमकं तेवढंच मला हवं होतं. लागोपाठ चौतीस हूं दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हती. ती गेली तर प्रकरण लुळं पडणार, सबमिशन सहा महिने पुढं जाणार, शिष्यवृत्ती संपणार. मी तोंड उघडलंच. "अव्वा, नाव कुठंच नाही येणार. सात नंबर फक्त."

"आन् आवाज? माझा आवाज ह्या उदगिरात कुनाला ठाऊक न्हाई? अण्णाचा नातू तुमच्याच नांदेडला शिकलालाय. एकदा कानावर गेलं की झालं. दोन भाऊ गेले, दोन बहिनी गेल्या, ह्यो एकच अण्णा राहिला. पंचमीला मला बोलावनारं तेवढं एकच दार हाय." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "आता तूच सांग, न्हाई म्हनायचा हक्क हाय का मला?"

"आहे."

"मग न्हाई."

त्या नाहीला कुठलाच तक्ता लागत नव्हता. मी लॅपटॉप काढला. म्हटलं, तुझ्यासमोरच पुसून टाकते, म्हणजे तुलाही घोर नको आणि मलाही मोह नको. खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला ती बाई नकोशी झाली होती, आणि तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच नकोशी झाली होती. मी तो भाग निवडला, आणि बटन दाबणार एवढ्यात अव्वानं माझं मनगट धरलं.

"थांब जरा."

तिनं माझं मनगट सोडलं आणि सूप मांडीवर ओढलं. 

"एकोनीस वर्षं झाली," अव्वा म्हणाली. "नागम्माला सांगितलं. देवाला सांगितलं, रोज लिंगपूजेला बसले की सांगते. तुझ्या ह्या डबड्याला बी सांगून बसले. ज्याला सांगायचं त्यालाच तेवढं न्हाई सांगितलं." तिनं सूप खाली ठेवलं. "पुसू नको. आधी मी अण्णाला सांगून येते. मग बघू द्यायचं का न्हाई ते."

"येडी झालीस का?" नागम्मा कडाडली. "ह्या वयात? माहेर तुटंल. उद्या तू मेलीस तर माहेरचं लुगडं घालायला तरी कुनी पाहिजे का न्हाई?"

"तुटलं तर तुटू दे. दुखलालेलं तोंड दाबून किती दिवस जेवायचं?"

"मी न्हाई येनार बघायला."

"तुला कुनी चल म्हनलंय? ही पोरगी येती की."

मी म्हटलं, अव्वा, माझ्या प्रबंधासाठी हे करू नकोस. ती म्हणाली, "तुझ्यासाठी कोन करलालंय? तुझं निमित्त." बाई अशी सरळ बोलली की वाईट वाटून घ्यायलाही जागा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही काळीपिवळीनं निघालो. रेकॉर्डर अव्वानं नागम्माच्या ताब्यात दिला होता. तिचं माहेर देगलूरच्या रस्त्यावर आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, गावाला मी विचारलेलं नाही. जीपमध्ये बारा माणसं, तीन पिशव्या कांदे. अव्वा वाटभर एक अक्षर बोलली नाही. ओठ तेवढे हलत होते. मला वाटलं जप करतेय. नंतर म्हणाली, पाठांतर करत होते.

वैजनाथअप्पा, म्हणजे अव्वाचे थोरले भाऊ अण्णा, ओसरीत बाजेवर बसले होते. ऐंशीला आलेले, धोतर पांढरंशुभ्र, कानाला थोडं कमी. बहिणीला बघून त्यांचा चेहरा खरोखर उजळला, हे मी पाहिलं आणि माझा अर्धा राग तिथंच गळाला. "गौरा! न सांगता?" त्यांनी बाजेवर जागा केली. वहिनी चहाला आत वळल्या.

"चहा नंतर," अव्वा म्हणाली. माहेरी आल्या आल्या चहा नको म्हणणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. वहिनी दारातच थांबल्या.

अव्वा बाजेवर बसली नाही. समोरचा पाट ओढून त्याच्यावर बसली. "अण्णा, मी एक सांगायला आले. मधी हूं म्हनू नको. नुसतं ऐक."

आणि ती बोलायला लागली. कन्नडात सुरू झाली, मराठीत आली, पुन्हा कन्नडात गेली. वडील कधी गेले, कचेरीत ती कुठं उभी होती, लिहिणाऱ्यानं काय विचारलं, ती काय म्हणाली आणि कशासाठी म्हणाली. "तुमी सगळ्यांनी ते हो धरलं. मी हो म्हनले नव्हते अण्णा. मला इचारायचं होतं. मला इचारायला मिळालंच न्हाई." साडेतीन वर्षांत मी शेकडो तास गप्पा ऐकल्या, पण हुंकार नसलेलं बोलणं पहिल्यांदाच ऐकत होते. मध्ये आधाराला काहीच नव्हतं. ती थांबायची, तिचं तिलाच पुढं जावं लागायचं, आणि ती जात होती. आवाज एकदाही फुटला नाही.

तिचं बोलून झालं. अप्पा खाली बघत होते. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायला धडपडत होतं. ती सुरू होऊन, गावाबाहेर निघून गेली तरी अप्पा खालीच बघत होते. मला वाटलं, यांना ऐकूच आलं नाही.

"त्या दिवशी बी ठाऊक होतं मला," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"तू हो म्हनली न्हाईस ते." त्यांनी धोतराचा काठ बोटांत धरला होता. "तुझं हूं मला ठाऊक न्हाई व्हय गौरा? लहानपनापासून ऐकलेलं. त्या लिहिनाऱ्याला बी शंका आली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलो, झालं, हो म्हनली ती."

अव्वाचे डोळे भरले. आता तिचा आवाज फुटला. "आन् मी एकोनीस वर्षं मला दोष देलालते. मीच येडी, हूं म्हनून बसले. मीच येडी."

मी मुठी आवळून बसले होते. एरवी मी उठून त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनावले असते, पण ते भांडण माझं नव्हतं. जिचं होतं ती बाई माझ्यापेक्षा बरी भांडत होती. तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले.

"जमीन पाहिजे का तुला?" अप्पांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. भीती होती.

"ते मी अजून ठरवलं न्हाई. ठरवलं की येऊन सांगते." मग तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही पोरगी नांदेडला शिकती. बोलन्याचं पुस्तक लिहिलालीय. मी जे तुला आता बोलले, तेच हिच्या डबड्यात बी हाय, ते त्यात येनार. त्यात तू हायस. तुझी राजीखुशी हाय का?"

वहिनी दारातून "अगं बाई" म्हणाल्या. अप्पांनी मान हलवली. "हूं."

"हूं न्हाई अण्णा."

 "हौदु," ते हळूच म्हणाले.

"हिला समजंल असं म्हन."

मला हौदु चांगलं समजत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. अप्पा वळले आणि माझ्याकडे बघून सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "होय. राजीखुशी हाय. लिही बाई."

मग अव्वानं चहा मागितला आणि पूर्ण प्यायली. निघताना वहिनींनी कुंकू लावलं. दर खेपेला अप्पा ओसरीच्या पायरीपर्यंत यायचे आणि 'पंचमीला ये' म्हणायचे, असं अव्वानं मला परतीच्या वाटेवर सांगितलं. त्या दिवशी ते बाजेवरून उठले नाहीत. माहेर राहिलं की गेलं, हे पंचमी आल्याशिवाय कळायचं नव्हतं. तिला वाईट वाटत होतं, आणि तसं ती म्हणालीसुद्धा. "वाईट वाटलालंय गं. लई वाईट वाटलालंय. पर परत करायचं झालं तर परत हेच करीन."

फाट्यावर पत्र्याची शेड होती. जीपला वेळ होता. अव्वा सिमेंटच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "काढ तुझा कागद."

कागद मी रात्रीच नव्यानं लिहिला होता. त्यात सदर नव्हतं, प्रयोजनार्थ नव्हतं. मी एकेक ओळ वाचली आणि प्रत्येक ओळीनंतर थांबले. तिनं एकदाही हूं म्हटलं नाही.

"तुझं सगळं बोलणं पुस्तकात घेऊ का? कचेरीचं धरून?"

"होय, घे."

"रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणी अभ्यासाला मागितलं तर देऊ का?"

"होय, दे. ऐकू देत."

"उद्या मन बदललं तर मला कळवशील का?"

"होय. आन् तू बी ऐकशील का?"

"हाव," मी म्हणाले, आणि मग दुरुस्त करून, "होय, ऐकीन."

शेवटची ओळ राहिली होती. "तुझं नाव गुप्त ठेवायचं का?"

"न्हाई."

शेडमध्ये शेंगा खात बसलेले दोघं वळून बघायला लागले, इतक्या मोठ्यानं ती म्हणाली. मी सांगितलं, अव्वा, सात नंबरनं काम भागतं, नाव घालायची गरज नाही. ती म्हणाली, गरज तुला न्हाई, मला हाय. मी पेन उघडलं आणि नावाच्या रकान्यात गौरम्मा लिहून पुढं तिच्या नवऱ्याचं नाव घालायला लागले, सवयीनं. मार्चमधल्या सगळ्या कागदांवर तेच होतं.

"ते न्हाई," तिनं पेनावर हात ठेवला. "बापाचं लाव. शरनप्पा. गौरम्मा शरनप्पा."

मी तसं लिहिलं. मग तिनं पेन घेतलं, पिशवी मांडीवर आडवी ठेवली आणि चौथीत शिकलेल्या अक्षरात, जीप आली तरी घाई न करता, पूर्ण नावाची सही केली.